तहान भागते, वाढते की नुसती भुलते?

अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवणाऱ्या तुमच्या ५२ वर्षांच्या वडिलांविषयी तुम्ही विचारले आहे. एप्रिल लागल्यापासून ते एका पाळीत तीन-चार बाटल्या कोल्ड्रिंक पितात, साधे पाणी जवळजवळ पीत नाहीत आणि टोकले की ‘त्यात पाणीच तर असते’ असे म्हणतात. तुमच्या वाचनात मात्र असे आले आहे की साखर शरीरातले पाणी ओढून घेते आणि त्यामुळे कोल्ड्रिंकने तहान उलट वाढते. दोघांपैकी बरोबर कोण, हा तुमचा प्रश्न आहे. सोलापूरच्या पूर्व भागात तीसएक वर्षे दवाखाना चालवत असल्यामुळे हा वाद माझ्या टेबलासमोर दर उन्हाळ्यात एकदा तरी होतो, आणि दरवेळी मला दोन्ही बाजूंना थोडे नाराज करावे लागते. बाटलीत पाणी असते आणि ते अंगी लागते, हे वडिलांचे म्हणणे खरे आहे. तुमची काळजीही रास्त आहे, परंतु तिचे कारण तुम्ही समजता त्याहून वेगळे आहे.

प्रथम वडिलांची बाजू पाहू. साखर असलेल्या बहुतेक कोल्ड्रिंकांमध्ये शंभर मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते आणि उरलेला जवळजवळ सगळा भाग पाण्याचा असतो. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीतून सव्वादोनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी आणि २६-२७ ग्रॅम, अर्थात पाच-सहा चमचे, साखर पोटात जाते. हे पाणी शरीरात टिकते की लघवीवाटे निघून जाते, याची पद्धतशीर मोजणी ब्रिटनमधील रोनाल्ड मॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करून २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी ७२ पुरुषांना वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी पेये एक-एक लिटर, अर्ध्या तासात, प्यायला दिली आणि पुढील काही तासांची लघवी मोजली. अशी एकूण तेरा पेये त्यांनी तपासली. कोला, चहा आणि कॉफी यांनी साध्या पाण्यापेक्षा जास्त लघवी झाली नाही. दूध आणि ओआरएस मात्र पाण्यापेक्षाही अधिक काळ शरीरात टिकले. कोलातील कॅफिनमुळे लघवी जास्त होऊन पाणी कमी होते, ही समजूतही यातून बाद होते. २५० मिलिलिटर कोलात कॅफिन २५ मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि लघवी ठळकपणे वाढण्यासाठी एका वेळी अडीचशे ते तीनशे मिलिग्रॅम लागते.

या प्रयोगाचा आधार घेऊन वडील तुम्हाला निरुत्तर करू शकतील, परंतु त्यातील माणसे कोण होती हे विसरता येत नाही. ती निरोगी होती, त्यांच्या शरीरात पाण्याची तूट नव्हती, ती शांत बसलेली होती, आणि त्यांना पुरा एक लिटर प्यावाच लागला होता. यंत्रमागापाशी उभ्या असलेल्या माणसाला यातली एकही अट लागू होत नाही.

आता ‘साखर पाणी ओढते’ या म्हणण्याकडे वळू. ते निराधार नाही. साखरांबा करताना कैरीच्या फोडींवर साखर पसरून ठेवली की काही वेळात पातेल्यात पाणी सुटते, ते ज्या नियमाने सुटते त्याच नियमाने आतड्यातही पाण्याची ये-जा चालते: विरघळलेल्या कणांची दाटी जिकडे जास्त, तिकडे पाणी जाते. आपल्या रक्तात ही दाटी किलोमागे सुमारे २८५ ते २९५ मिलिऑस्मोल (हे ती मोजण्याचे एकक) असते, आणि साखरयुक्त कोलाची साधारण त्याच्या दुप्पट भरते. त्यामुळे असे पेय जठरातून लहान आतड्यात उतरले की सुरुवातीला रक्ताकडून आतड्याकडे थोडे पाणी खरोखरच जाते. शिवाय इतके गोड द्रव जठर घाईने पुढे सोडत नाही. ते थोडे थोडे सोडते. ज्या माणसाला आत्ता पाणी हवे आहे त्याला ते उशिरा मिळते, आणि मिळण्यापूर्वी त्याच्याकडूनच थोडे उसने घेतले जाते.

परंतु उसने घेतलेले परत मिळते, आणि हाच मुद्दा बहुतेक ठिकाणी गाळला जातो. साखर आतड्यातून शोषली गेली की तिच्यामागोमाग पाणीही रक्तात येते. समुद्राच्या पाण्याशी कोल्ड्रिंकची तुलना केली जाते ती यामुळेच चुकते. समुद्राच्या पाण्यातले मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडाला प्यायलेल्या पाण्याहून अधिक पाणी खर्चावे लागते, म्हणून ते पिणारा माणूस कोरडा पडत जातो. साखर निरोगी माणसाच्या लघवीतून बाहेर टाकावी लागतच नाही. पेशी ती जाळतात आणि त्या ज्वलनातून उलट थोडे पाणीच तयार होते, शंभर ग्रॅम ग्लुकोजमागे साधारण साठ मिलिलिटर. तेव्हा निरोगी माणसाचा हिशेब मांडला तर एका बाटलीने शरीरातले पाणी घटत नाही, वाढते.

मग बाटली संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा घशाला कोरड का पडते? माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा येथे आहे.

तहान ही शरीरातल्या पाण्याची तंतोतंत मोजपट्टी नव्हे. रक्तातील कणांची दाटी एक-दोन टक्क्यांनी वाढली की मेंदूतील विशिष्ट पेशींना ते कळते आणि तहान लागते, इथपर्यंत व्यवस्था काटेकोर आहे. पण तहान शमते ती मात्र पाणी रक्तात पोहोचण्याच्या कितीतरी आधी. तोंड, जीभ आणि घसा यांना गारवा लागला, दोन-चार घोट घशाखाली उतरले, जठर थोडे ताणले गेले, की ‘पाणी येत आहे’ असा निरोप मेंदूला पोहोचतो आणि तो तहानेचा आवाज तात्पुरता बंद करतो. साध्या पाण्याच्या बाबतीत ही सोय उत्तम आहे, कारण नाहीतर पाणी शोषले जाईपर्यंत आपण पीतच राहिलो असतो. थंडपणा आणि गॅसची चुणचुण या दोन गोष्टी हा निरोप फार जोरात पोहोचवतात. अमेरिकेत फिलाडेल्फियातील संशोधकांनी रात्रभर पाण्याशिवाय ठेवलेल्या लोकांवर हे तपासले, तेव्हा थंड आणि गॅस भरलेले पेय प्यायल्यावर लोकांची तहान अधिक भागल्यासारखी वाटली आणि नंतर समोर ठेवलेले पाणी त्यांनी कमी प्यायले.

हेच आता कारखान्यात पाहा. सुताला ओलावा लागतो म्हणून आतली हवा दमट ठेवलेली असते, बाहेर सोलापूरचे एप्रिल-मे महिन्यांतले ऊन ४२ अंशांच्या पुढे गेलेले असते, आणि दमट हवेत घाम वाळत नसल्यामुळे तो नुसता गळत राहतो. अशा जागी कष्टाचे काम करणाऱ्या माणसाचा घाम तासाला अर्धा ते एक लिटरपर्यंत सहज जातो. दुपारी दोनपर्यंत तुमच्या वडिलांची दीड-दोन लिटरची तूट झालेली असेल, तर त्यावर त्यांनी प्यायलेली बाटली अडीचशे मिलिलिटरची असते. तूट भरली एक-षष्ठांश ते एक-अष्टमांश, आणि समाधान मात्र पूर्ण झाल्याचे! गारवा ओसरला, गॅस ढेकरांवाटे निघून गेला, की दडपून ठेवलेली तहान पुन्हा डोके वर काढते, आणि आपण म्हणतो की कोल्ड्रिंकने तहान वाढवली. वस्तुतः ती भागलीच नव्हती. त्यात गोड द्रवाचा चिकटपणा तोंडात रेंगाळतो, आणि बाटलीबरोबर टपरीवरची मिरची-भजी किंवा डब्यातली शेंगाचटणी-कडक भाकरी असेल, तर त्यातल्या मिठाची तहान वेगळीच लागते. तिचा बोलही बाटलीलाच लावला जातो.

आपल्याकडे उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी ठेवण्याची रीत होती, ती मला या संदर्भात नेहमी आठवते. तेथेही साखर आहे, पण खडा बोटाच्या पेराएवढा आणि पाणी तांब्याभर. बाटलीने हे प्रमाण उलटवले आहे.

साखर पूर्णपणे टाकाऊ नाही, हेही याच ओघात सांगावे लागेल. लहान आतड्याच्या पेशींत ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनेच आत घेणारी एक वाट आहे, आणि ही जोडी आत गेली की तिच्यामागून पाणीही खेचले जाते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली, आणि १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून अगणित जीव वाचवले. आजच्या ओआरएसमध्ये एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट; त्याची एकूण दाटी २४५, म्हणजे रक्तापेक्षा किंचित कमी ठेवलेली आहे. याच्याशेजारी कोल्ड्रिंक ठेवून पाहा: साखर सात-आठ पट, आणि घामातून सर्वांत जास्त जाणारे सोडियम जवळजवळ नाहीच. जोडीतला एक जण गर्दी करून दारात उभा आहे आणि दुसरा आलेलाच नाही.

जुलाबात म्हणूनच कोल्ड्रिंक देऊ नये. आधीच पातळ झालेल्या शौचात ते आणखी पाणी ओढून आणते, आणि लहान मुलाला ते भारी पडते. ‘गॅस काढून टाकलेला लिंबाचा सोडा’ देण्याचा सल्ला शेजारीपाजारी देतात, त्याने साखर कमी होत नाही. याहून फसवी गोष्ट म्हणजे कागदी खोक्यांतून औषधाच्या दुकानात मिळणारी, नावात ‘ओआरएस’ हे शब्द मिरवणारी गोड पेये. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षे पाठपुरावा केला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार नसलेल्या पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली. दुकानात मागताना खोके न मागता पावडरीची पुडी मागावी, आणि ती एक लिटरची आहे की २०० मिलिलिटरची हे वाचून मगच पाण्यात घालावी. मोठी पुडी पेलाभर पाण्यात घोळवून पाजलेली मुले मी पाहिली आहेत. ती चूक कोल्ड्रिंकपेक्षाही वाईट.

मूत्रपिंडाविषयी एक लहान अभ्यास वडिलांना सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतील बफेलो विद्यापीठात बारा निरोगी तरुणांना ३५ अंश तापमानात चार तास कष्टाचे काम करायला लावले आणि दर तासाला सुमारे अर्धा लिटर पेय दिले, एकदा पाणी आणि एकदा कोल्ड्रिंक. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कोल्ड्रिंकच्या दिवशी रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की हे रक्तात साठते) आणि पाणी धरून ठेवणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक दोन्ही वाढलेले आढळले. पाण्याच्या दिवशी तसे झाले नाही. मध्य अमेरिकेत उसाच्या फडात राबणाऱ्या तरुण मजुरांमध्ये मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रमाण मोठे आहे, त्या चिंतेतून असे अभ्यास सुरू झाले. बारा माणसांवरून कायमचा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. आपल्या जिल्ह्यातली ऊसतोड हिवाळ्यात चालते, त्यामुळे तिकडची परिस्थिती इकडे जशीच्या तशी लावताही येणार नाही. परंतु एप्रिलमधला कारखाना आणि प्रयोगातली ती खोली यांत मला फारसा फरक दिसत नाही, आणि प्रयोग चार तासांचा होता, पाळी त्याहून लांब असते.

यानंतरचा मुद्दा मी तुमच्या जागी असतो तर सर्वांत आधी वाचला असता. वर जे काही ‘निरोगी माणसात’ म्हणून लिहिले ते मधुमेह असलेल्या माणसात उलटते. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीत उतरू लागते, आणि उतरताना स्वतःबरोबर पाणी घेऊन जाते. मग लघवी वाढते, लघवीमुळे तहान वाढते, तहान भागवायला माणूस गोड थंड पेय पितो, आणि साखर आणखी चढते. काही वर्षांपूर्वी असेच एक कामगार माझ्याकडे आले होते. तक्रार होती थकवा आणि पाय दुखण्याची. बोलता बोलता कळले की रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतात आणि उशाशी कोल्ड्रिंकची मोठी बाटली ठेवतात. बोटाला सुई टोचून साखर पाहिली तर ती चारशेच्या वर होती. घरच्यांनी सगळा दोष उन्हाळ्याला दिला होता. अशा माणसाच्या बाबतीत ‘कोल्ड्रिंकने तहान वाढते’ हे वाक्य अक्षरशः खरे आहे. पन्नाशी ओलांडलेला, दिवसाला तीन-चार बाटल्या लागणारा माणूस माझ्यासमोर आला की मी त्याला पाण्याचे महत्त्व सांगण्याआधी त्याची साखर तपासतो.

मधुमेह नसेल तरी चार बाटल्यांतून शंभर ग्रॅमहून अधिक साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा साधारण आहारासाठी दिवसाला ५० ग्रॅम आहे, आणि शक्य तर ती २५वर आणावी असे ती म्हणते. साखर नसलेली ‘डाएट’ बाटली घेतली तर हा भाग टळतो आणि पाणीही पाण्यासारखेच मिळते. पण गारवा व गॅसचा भुलवा तसाच राहतो, आणि मीठ तिच्यातही नाही.

मग प्यावे काय? साध्या पाण्याला पर्याय शोधण्याची गरज नाही. कामाच्या वेळी दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, तहानेची वाट न पाहता, एवढे पुरते, आणि वय वाढते तशी तहानेची जाणीव बोथट होत असल्यामुळे वडिलांनी तर वाट पाहूच नये. माठातले पाणी पुरेसे गार असते. दिवसभराच्या घामाने गेलेले मीठ बहुतेकांना जेवणातून भरून मिळते. ज्यांचे कपडे वाळल्यावर पांढरे डाग धरतात, त्यांनी मीठ घातलेले पातळ ताक किंवा लिंबूपाणी घ्यावे. ज्वारीची आंबील माझ्या विशेष आवडीची आहे, आणि ती केवळ जुनी आहे म्हणून नव्हे. पिठातला स्टार्च मोठ्या कणांचा असल्यामुळे दाटी फारशी वाढवत नाही, आतड्यात हळूहळू ग्लुकोज सोडतो आणि मिठाबरोबर तीच जोडी जमवतो. तांदळाच्या पिठाचे ओआरएस याच तत्त्वावर चालते. गोटीसोड्यात साखर न घालता लिंबू-मीठ घालून घेतले तर माझी हरकत नाही. बर्फ कुठला आहे हे मात्र पाहावे, कारण त्यापायी कावीळ आणि विषमज्वर गाठीशी येतो. उसाचा रस ताजा असला तरी साखरेच्या बाबतीत कोल्ड्रिंकहून हलका नाही. ज्यांना रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मिठाची पेये डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.

बाटलीच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, कारखान्यातली टाकी कधी धुतली हे कोणी सांगू शकत नाही, आणि वडिलांसारखी माणसे सीलबंद बाटलीवर विश्वास ठेवतात ते आळसापोटी नव्हे. पाणी संशयास्पद असेल आणि दुसरे काही हाताशी नसेल, तर कोरडे राहण्यापेक्षा कोल्ड्रिंक प्यावे. परंतु रोजच्या पाळीसाठी घरून उकळून गार केलेल्या पाण्याचा दोन-तीन लिटरचा कॅन नेणे अवघड नाही, आणि चार बाटल्यांपेक्षा ते स्वस्तही पडते.

वडिलांना पटवायचे असेल तर वाद घालण्यापेक्षा वजनकाटा वापरा. पाळीला जाण्याआधी आणि आल्यावर, घामाचे कपडे काढून, दोन्ही वेळा वजन करा. एक किलो कमी भरले तर साधारण एक लिटर पाण्याची तूट राहिली असे समजावे. चार बाटल्यांच्या दिवशी एकदा आणि पाण्याच्या कॅनच्या दिवशी एकदा मोजले की पुढे मला काही सांगावे लागणार नाही. लघवी चहासारखी गडद होत असेल तर तेही तुटीचेच लक्षण आहे. उन्हात काम करताना माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात पाणी, ताक, कोल्ड्रिंक काहीही ओतू नये. सावलीत आडवे करून अंगावर पाणी मारावे, वारा घालावा आणि १०८ला फोन करावा.

हे सगळे साखर तपासल्यानंतरचे. पाळीमुळे उपाशीपोटी रक्त द्यायला जमत नाही, अशी सबब वडील सांगतील. त्यासाठी एचबीए-वन-सी नावाची चाचणी आहे; ती मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते, त्यामुळे आदल्या दिवशी बाटली न पिऊन तिला चकवता येत नाही, आणि तिला उपाशीही राहावे लागत नाही. पाळी सुटल्यावर घरी येता येताही ती करता येते.